कोलंबियातले एक वर्ष : निर्माते डेव्हिड पटनम यांचे प्रकरण

सप्टेंबर १९८६ मध्ये डेव्हिड पटनम या ब्रिटिश निर्मात्याने हॉलीवूडच्या कोलंबिया पिक्चर्सची सूत्रे हाती घेतली आणि सप्टेंबर १९८७ मध्ये त्यांचे पद सोडणे जाहीर झाले. करार तीन वर्षांचा होता. तो जेमतेम एक वर्ष टिकला. ते तिथे गेले तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर त्यांच्या नावावर होते, कान महोत्सवातला सर्वोच्च पुरस्कार नुकताच मिळाला होता, आणि थोड्या पैशात मोठा परिणाम साधणारा निर्माता असा त्यांचा लौकिक होता. एवढ्या तयारीचा माणूस वर्षभरात बाहेर कसा पडला, याची दोन उत्तरे आजवर दिली गेली आहेत. हॉलीवूडने एका तत्त्वनिष्ठ माणसाला टिकू दिले नाही, हे पहिले. आणि एका अहंमन्य परक्याने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, हे दुसरे. दोन्हींत तथ्य आहे, परंतु दोन्ही उत्तरे पटनम यांची आधीची पंचवीस वर्षे बाजूला ठेवून दिलेली आहेत. ज्या सवयींनी त्यांना जाहिरातीतून सिनेमात आणले आणि तिथे मोठे केले, त्याच सवयी स्टुडिओच्या प्रमुखपदी गेल्यावर त्यांच्या विरोधात गेल्या, असे माझे मत आहे. ते पटायचे असेल तर आधी त्या सवयी जवळून पाहायला हव्यात.

जाहिरात संस्थेतील घडण

पटनम यांचा जन्म २५ फेब्रुवारी १९४१ रोजी लंडनमध्ये झाला. वडील वृत्तछायाचित्रकार होते. सोळाव्या वर्षी शाळा सोडून मुलगा निरोप्याच्या कामाला लागला आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कॉलेट डिकन्सन पिअर्स या जाहिरात संस्थेत पोचला. तिथे त्यांनी काढलेली पाच वर्षे हे त्यांचे खरे विद्यापीठ ठरले. ही संस्था त्या काळी नवी होती, परंतु ब्रिटिश जाहिरातीचा दर्जा तिने पुढच्या दोन दशकांत बदलून टाकला. अ‍ॅलन पार्कर आणि चार्ल्स साची तिथे कॉपीरायटर होते. पार्कर यांनी संस्थेच्या तळघरात सोळा मिलिमीटरचा कॅमेरा लावून, हाताशी असलेल्या सहकाऱ्यांना उभे करून, जाहिरातपटांचे प्रयोग सुरू केले, आणि त्या तळघरातून एक दिग्दर्शक घडला.

पटनम मात्र लिहिणाऱ्यांपैकी नव्हते आणि चित्र काढणाऱ्यांपैकीही नव्हते. ते अकाउंट एक्झिक्युटिव्ह होते. हे काम बाहेरून फिके वाटते. क्लायंटचे म्हणणे ऐकायचे, त्यातली गरज कोणती आणि हट्ट कोणता हे ओळखायचे, लिहिणाऱ्यांना आणि चित्रकारांना समजेल अशा शब्दांत ते मांडायचे, आणि त्यांनी केलेले काम पुन्हा क्लायंटच्या गळी उतरवायचे, असे त्याचे स्वरूप असते. या माणसाच्या स्वतःच्या नावावर काहीच जमा होत नाही. मात्र चांगली कल्पना क्लायंटच्या बैठकीत वाचते की मरते, हे बहुतेक वेळा त्याच्यावर अवलंबून असते. पुढे पटनम यांनी डेव्हिड बेली, ब्रायन डफी अशा छायाचित्रकारांचे एजंट म्हणून काम केले, तेव्हाही त्यांची जागा तीच राहिली: एका बाजूला पैसा, दुसऱ्या बाजूला प्रतिभा आणि मधोमध पटनम.

दशक संपता संपता ते सिनेमाकडे वळले. त्यांनी निर्मिलेला पहिला चित्रपट ‘मेलडी’ १९७१ मध्ये आला. त्याची पटकथा पार्कर यांची होती, दिग्दर्शन लखनौमध्ये जन्मलेल्या वारिस हुसेन यांचे होते, आणि कथेचा पाया म्हणून बी जीज या गटाची गाणी होती. ब्रिटनमध्ये चित्रपट फारसा चालला नाही. जपानमध्ये मात्र तो तुफान चालला. सँडी लीबरसन यांच्या भागीदारीत त्यानंतर काही वर्षे संगीताभोवती फिरणारे चित्रपट झाले. मग १९७६ मध्ये पार्कर यांचा ‘बग्झी मलोन’ आला. अमेरिकी गुंडांची ही कथा पूर्णपणे लहान मुलांनी साकारली होती. त्यात मोटारी पायडलवर चालत आणि बंदुकीतून गोळ्यांऐवजी क्रीम उडे. पुढच्या वर्षी रिडली स्कॉट यांचा पहिला चित्रपट ‘द ड्युएलिस्ट्स’ आला. कथा जोसेफ कॉनरॅड यांची निवडली गेली, कारण तिच्या हक्कांसाठी पैसे मोजावे लागणार नव्हते. त्या चित्रपटाला कानमध्ये पदार्पणाचा पुरस्कार मिळाला.

पार्कर, स्कॉट आणि नंतर ह्यू हडसन, या तिघांनाही मोठ्या पडद्यावर पहिली संधी पटनम यांनी दिली आणि तिघेही जाहिरातपटांतून आलेले होते. याला नवख्यांवर टाकलेला भाबडा विश्वास म्हणणे चूक आहे. तीस सेकंदांच्या जाहिरातीसाठी दिवसभर प्रकाशयोजना करणारा दिग्दर्शक कथा सांगण्यात नवखा असेल, परंतु कॅमेरा, लेन्स, कलादिग्दर्शन, वेळापत्रक आणि क्लायंटचा दबाव यांत तो मुरलेला असतो. पटनम यांनी हे कौशल्य जवळून पाहिले होते आणि त्याचे मोल चित्रपट उद्योगाला कळण्याआधी त्यांना कळले होते. मुंबईतही त्याच सुमारास असेच काहीसे घडले. श्याम बेनेगल यांनी १९५९ मध्ये लिंटासमध्ये कॉपीरायटर म्हणून सुरुवात केली होती आणि त्यांच्या ‘अंकुर’ला १९७४ मध्ये पैसा पुरवला तो ब्लेझ या जाहिरातपटांच्या व्यवसायातल्या कंपनीने. जाहिरातीचा पैसा आणि शिस्त गंभीर सिनेमाच्या कामी येऊ शकते, हे दोन्ही शहरांत एकाच दशकात दिसून आले.

एक चित्रपट, नीट पाहिलेला

पटनम यांची पद्धत समजून घेण्यासाठी ‘चॅरियट्स ऑफ फायर’ पुरेसा आहे. त्याआधीचा ‘मिडनाइट एक्सप्रेस’ १९७८ मध्ये खूप चालला होता आणि त्याला दोन ऑस्कर मिळाली होती, परंतु त्यातल्या एका अतिहिंसक प्रसंगाला प्रेक्षक टाळ्या वाजवतात हे पाहून पटनम अस्वस्थ झाले होते. आपल्या चित्रपटाने प्रेक्षकात काय जागे केले, हा प्रश्न त्यांना पुढे कायम सतावत राहिला. सद्सद्विवेकाला जागणाऱ्या माणसाची कथा ते शोधत होते. १९७७ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या भाड्याच्या घरात तापाने पडून असताना ऑलिंपिकच्या इतिहासाचे एक पुस्तक त्यांच्या हाती लागले होते, आणि रविवारी धावण्यास नकार देणारा स्कॉटिश धावपटू एरिक लिडेल त्यांना तिथे भेटला होता.

पटकथा कॉलिन वेलंड यांनी लिहिली. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या आठवणी मिळवण्यासाठी त्यांनी वर्तमानपत्रांत निवेदने दिली. शंभर मीटरच्या फेऱ्या रविवारी आहेत हे प्रत्यक्षात लिडेल यांना कित्येक महिने आधी ठाऊक होते. पटकथेत मात्र ते त्यांना जहाजावर चढताना कळते. इतिहास वाकवून नाट्य आणले, अशी टीका त्यावर झाली आणि ती रास्त आहे. परंतु असा फेरफार का झाला, हेही स्पष्ट दिसते. लिडेल यांची निष्ठा एका क्षणात प्रेक्षकासमोर ठेवायची होती, आणि कित्येक महिने मनात घोळलेला निर्णय पडद्यावर असा एका क्षणात पकडता येत नाही. कमीत कमी वेळात नेमकी भावना पोचवण्याची ही सवय जाहिरातीच्या शाळेतली आहे.

निम्मा पैसा ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने दिला आणि निम्मा फायेद कुटुंबाच्या अलाइड स्टार्स या कंपनीने. खर्च सुमारे साडेपाच दशलक्ष डॉलर झाला. कालपट म्हटल्यावर ही रक्कम फार थोडी होती. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजने चित्रीकरणाला परवानगी नाकारली, तेव्हा तिथल्या चौकातली प्रसिद्ध शर्यत ईटन या शाळेच्या आवारात चित्रित झाली. पॅरिसचे ऑलिंपिक मैदान मर्सीसाइडमधल्या बेबिंग्टन येथे उभे राहिले. धावपटू किनाऱ्यावरून संथ गतीत धावतात तो किनारा सेंट अँड्र्यूजचा आहे. १९२० च्या दशकातल्या कथेला व्हँजेलिस यांचे इलेक्ट्रॉनिक संगीत देणे हा हडसन यांचा धाडसी निर्णय होता. पटनम यांनी तो अडवला नाही, उलट त्याचे संरक्षण केले. २९ मार्च १९८२ रोजी चित्रपटाला चार ऑस्कर मिळाली. एकट्या अमेरिकेत त्याने सुमारे ५९ दशलक्ष डॉलर मिळवले. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या स्पर्धेत त्याने मागे टाकलेल्या चित्रपटांत वॉरन बेटी यांचा ‘रेड्स’ होता. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

त्यानंतरचे यश थोडक्यात सांगता येते. बिल फोर्साइथ यांचा ‘लोकल हीरो’ १९८३ मध्ये आला. १९८४ च्या ‘द किलिंग फील्ड्स’चे दिग्दर्शन रोलंड जॉफे यांनी केले, चित्रपटासाठी तेही नवे होते. कंबोडियातल्या नरसंहारातून वाचलेले डॉक्टर हाइंग न्गोर यांनी कधीही अभिनय केला नव्हता. त्यांना त्या चित्रपटासाठी साहाय्यक अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले. जॉफे यांच्याच ‘द मिशन’ने १९८६ मध्ये कानचा सर्वोच्च पुरस्कार, पाम दोर, जिंकला. या काळात पटनम यांच्या पाठीशी गोल्डक्रेस्ट ही ब्रिटिश कंपनी होती आणि ती नेमकी तेव्हाच मोठ्या खर्चाच्या चित्रपटांखाली दबून कोलमडत होती. ब्रिटनमध्ये गंभीर चित्रपटासाठी पैशाचा आधार उरला नव्हता, ही पार्श्वभूमी लक्षात घेतली तरच त्यांचे हॉलीवूडला जाणे समजते.

खुर्ची

कोका-कोलाने १९८२ मध्ये कोलंबिया पिक्चर्स सुमारे ७५० दशलक्ष डॉलरला विकत घेतली होती. शीतपेयांच्या व्यवसायातली शिस्त चित्रपटाला लावावी, अशी अटलांटातल्या तिच्या मुख्यालयातील वरिष्ठांची इच्छा होती, आणि वाढत्या मानधनांविषयी, वाढत्या खर्चाविषयी पटनम जे बोलत ते त्यांना भावले. कंपनीच्या मनोरंजन विभागाचे प्रमुख फे व्हिन्सेंट यांनी त्यांना आणले. जगभरचे दिग्दर्शक घेऊ, मध्यम खर्चाचे चित्रपट करू, तारे आणि दिग्दर्शक यांची मोट बांधून एजंटांनी आणलेली पॅकेजे महाग घेणार नाही, आणि करार संपला की मायदेशी परत जाऊ, असे पटनम यांनी सांगितले. यातले प्रत्येक वाक्य मला आजही पटते. अडचण अशी की ही वाक्ये त्यांनी उघडपणे, वारंवार आणि काम सुरू होण्याआधीच उच्चारली.

जाहिरातीत असे करणे योग्यच असते, कारण तिथे भूमिका आधी जाहीर होते आणि लोक मग वस्तूकडे वळतात. स्टुडिओ मात्र रोजच्या देवघेवीवर चालतो. या आठवड्यात ज्या एजंटाची पटकथा नाकारली, त्याच एजंटाकडे पुढच्या महिन्यात नटासाठी फोन करावा लागतो. तीन वर्षांत आपण जाणार, हे सांगून पटनम यांनी ही देवघेव सुरू होण्याआधीच संपवली. जो माणूस उद्या असणार नाही, त्याच्यावर आज कोणी उपकार करून ठेवत नाही.

बिल मरे यांच्या संदर्भातला प्रसंग यासाठी पाहण्यासारखा आहे. लॉस एंजेलिसमधल्या ब्रिटिश-अमेरिकी व्यापारी मंडळाच्या कार्यक्रमात पटनम बोलत होते. सनडान्ससारखी संस्था उभारून रॉबर्ट रेडफर्ड यांनी चित्रपटसृष्टीला परत दिले, आणि मरे मात्र केवळ घेतात, अशा अर्थाचे ते बोलले. १९८४ चा ‘घोस्टबस्टर्स’ हा कोलंबियाचाच प्रचंड यशस्वी चित्रपट होता, मरे त्याचा तारा होते, आणि त्याचा पुढचा भाग ही स्टुडिओची सर्वांत खात्रीची मिळकत होती. मरे यांचे हितसंबंध सांभाळणारे मायकेल ओव्हिट्झ हे त्या वेळचे सर्वांत बलाढ्य एजंट होते. म्हणजे एका वाक्यात तारा, त्याचा एजंट आणि स्टुडिओची मिळकत या तिन्ही गोष्टी दुखावल्या गेल्या. ‘घोस्टबस्टर्स’चा दुसरा भाग शेवटी १९८९ मध्ये आला, पटनम गेल्यानंतर.

दुसरी आघाडी रे स्टार्क यांची होती. हे ज्येष्ठ निर्माते दीर्घकाळ कोलंबियाशी जोडलेले होते आणि कोका-कोलाच्या संचालक मंडळावरचे हर्बर्ट अ‍ॅलन त्यांचे जवळचे होते. स्टार्क यांना ‘रिव्हेंज’ हा चित्रपट करायचा होता. पटनम यांनी नकार दिला. निर्माता म्हणून पटनम यांनी आयुष्यभर पटकथा नाकारल्या होत्या आणि त्याने कोणाचे काही बिघडले नव्हते, कारण नाकारलेला माणूस दुसऱ्या दारी जाई. स्टुडिओप्रमुखाने नाकारलेला माणूस मालकाच्या दारी जातो.

तिसरी गोष्ट ‘इश्तार’. हा चित्रपट आधीच्या व्यवस्थापनाने मंजूर केला होता. त्यात वॉरन बेटी आणि डस्टिन हॉफमन होते. ‘रेड्स’च्या खर्चाविषयी पटनम पूर्वी जाहीरपणे बोलले होते आणि हॉफमन यांच्याशी मतभेद होऊन त्यांनी ‘अगाथा’ या चित्रपटाची निर्मिती सोडली होती. त्यामुळे ‘इश्तार’पासून त्यांनी स्वतःला दूर ठेवले. व्यक्तिगत सचोटीच्या दृष्टीने हे समजण्यासारखे आहे, परंतु मे १९८७ मध्ये चित्रपट सपशेल आपटला तेव्हा स्टुडिओचा प्रमुखच आपल्या सर्वांत महागड्या मालापासून अंग काढून घेतो, असे चित्र उभे राहिले. माझ्या दृष्टीने ही त्यांची सर्वांत गंभीर चूक होती, मरे यांच्यावरच्या शेऱ्याहूनही गंभीर. अकाउंट सांभाळणाऱ्या माणसाला नावडता क्लायंटही सांभाळावा लागतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

त्यांची जुनी हुकमी पद्धतही एकदा उलटली. कोका-कोलाच्या जाहिरातींचा चेहरा असलेल्या बिल कॉस्बी यांच्या ‘लेनर्ड पार्ट सिक्स’साठी पटनम यांनी पॉल वीलंड हे ब्रिटिश जाहिरातपट दिग्दर्शक निवडले. स्कॉट, पार्कर, हडसन यांच्या वेळी पटनम स्वतः रोज दिग्दर्शकाच्या पाठीशी उभे असत. इथे ते दोन डझन चित्रपटांच्या टेबलामागे होते, आणि पहिलटकर दिग्दर्शकासमोर कथा व निर्मिती दोन्हींत वाटा असलेला महातारा होता. डिसेंबर १९८७ मध्ये चित्रपट लागला तेव्हा खुद्द कॉस्बी यांनीच लोकांना तो पाहू नका असे सांगितले.

तोवर पटनम गेले होते. १९८७ च्या सप्टेंबरच्या आरंभी कोका-कोलाने कोलंबिया आणि ट्राय-स्टार या दुसऱ्या स्टुडिओचे एकत्रीकरण जाहीर केले, नव्या कंपनीची धुरा व्हिक्टर कॉफमन यांच्याकडे गेली आणि व्हिन्सेंट बाजूला झाले. पटनम यांना आणणारा आणि अटलांटात त्यांची बाजू मांडणारा माणूसच उरला नाही. आयुष्यभर त्यांनी इतरांसाठी जे केले, पैशासमोर उभे राहून प्रतिभेची बाजू लढवणे, ते त्यांच्यासाठी करणारे तिथे कोणी नव्हते. ते स्वतः क्लायंटच्या खुर्चीत बसले होते आणि मधली जागा रिकामी होती.

हिशेब

त्यांनी मंजूर केलेले चित्रपट बहुतांशी पडले, असे सरसकट म्हटले जाते. गल्ला पाहिला तर ते बरेचसे खरे आहे. परंतु चित्रपट मंजूर करणाऱ्याने तो प्रदर्शित करायचा नसला, तर नव्या प्रमुखाला त्या चित्रपटात कसलीही गुंतवणूक वाटत नाही. पटनम यांच्या जागी आलेल्या डॉन स्टील यांच्या काळात यातले अनेक चित्रपट मोजक्या चित्रगृहांत लागले आणि उतरले. टेरी गिलियम यांच्या ‘बॅरन मंचाउझन’च्या वाट्याला फार थोड्या प्रती आल्या. स्पाइक ली यांचा ‘स्कूल डेझ’ सुमारे साडेसहा दशलक्षांत होऊन १४ दशलक्षांहून अधिक मिळवून गेला. पटनम यांचे मध्यम खर्चाचे गणित पोकळ नव्हते, याचा तो पुरावा आहे. कोलंबियाने अमेरिकेत वितरित केलेल्या बर्तोलुच्ची यांच्या ‘द लास्ट एम्परर’ने एप्रिल १९८८ मध्ये नऊ ऑस्कर जिंकली, जेव्हा पटनम त्या इमारतीत नव्हते. युगोस्लाव दिग्दर्शक एमिर कुस्तुरित्सा यांनी रोमा लोकांच्या भाषेत केलेल्या ‘टाइम ऑफ द जिप्सीज’ला १९८९ मध्ये कानमध्ये दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. हॉलीवूडच्या बड्या स्टुडिओचा पैसा अशा चित्रपटाला मिळाला, ही गोष्ट पटनम यांच्याशिवाय घडली नसती.

त्याच वर्षी सोनीने कोलंबिया ३.४ अब्ज डॉलरला विकत घेतली. पटनम ब्रिटनला परतले, ‘मेम्फिस बेल’ आणि आणखी काही चित्रपट त्यांनी केले, परंतु पूर्वीचा जोर आला नाही. राष्ट्रीय चित्रपट व दूरचित्रवाणी विद्यालयाचे अध्यक्षपद, मुक्त विद्यापीठाचे कुलपतिपद अशी शिक्षणक्षेत्रातली कामे वाढली. १९९७ मध्ये ते हाऊस ऑफ लॉर्ड्सचे सदस्य झाले.

तिथले एक काम कोलंबियाच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. २००२ मध्ये दळणवळण विधेयकाची छाननी करणाऱ्या दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. मोठ्या माध्यम कंपन्यांच्या विलीनीकरणात माध्यमांची बहुविधता, म्हणजे माध्यमे अनेक मालकांच्या हाती असणे, हा सार्वजनिक हिताचा निकष असावा, अशी त्यांची मागणी होती आणि सरकार सुरुवातीला ती मान्य करायला तयार नव्हते. सरकार त्यांच्याच, म्हणजे मजूर पक्षाचे होते. या वेळी आधी घोषणा नव्हत्या. समितीत सर्वपक्षीय सहमती, मग दुरुस्तीचा मसुदा, मग मतांची जुळवाजुळव आणि शेवटी मंत्र्यांशी वाटाघाट असा त्यांचा क्रम राहिला. २००३ च्या कायद्यात ती तरतूद आली. स्काय (बीस्कायबी) या दूरचित्रवाणी कंपनीने आयटीव्ही या दुसऱ्या दूरचित्रवाणी कंपनीचे समभाग घेतल्यावर, आणि पुढे २०१० मध्ये न्यूज कॉर्पोरेशनने संपूर्ण बीस्कायबी ताब्यात घेऊ पाहिली तेव्हा, ब्रिटिश मंत्र्यांनी हस्तक्षेपासाठी आधार घेतला तो याच निकषाचा.